फुटाण्याच्या मांडीचं माप

"हलू नकोस रे मुडद्या, टेप सरकतोय," मी म्हणालो.

फुटाणा तसा हलत नव्हताच. सहा महिने दर रविवारी सकाळी हेच चालल्यामुळं त्याला सगळं पाठ झालं होतं. गोणपाटावर चारी पाय टेकून उभं राहायचं, तोंड माझ्या बायकोच्या, मालनच्या मांडीत खुपसायचं, आणि मी मागं बसून त्याच्या मांड्या मोजेपर्यंत कान खाजवून घ्यायचे. डाव्या मांडीला टेप गुंडाळला. बेचाळीस. मग उजव्या, ऑपरेशनच्या पायाला. गुडघ्याच्या वर चार बोटं, जिथं दर वेळी घेतो तिथंच. साडेएकेचाळीस. टेप सोडला, पुन्हा गुंडाळला. साडेएकेचाळीसच.

शिलाई मशीनच्या फळीवर फोन होता. त्यातून माझा मुलगा निशिकांत म्हणाला, "किती आलं, अण्णा?"

"डावी बेचाळीस."

"आणि उजवी?"

मालन माझ्याकडं बघत होती. टेपवरचा आकडा तिलाही दिसत होता. चाळीस वर्षं शिंप्याच्या घरात काढलेल्या बाईला टेप वाचता येतो.

"चाळीस," मी म्हणालो.

"म्हणजे अजून दोन कमी."

"दोन कमी."

"बरं, बरं. मग राहू द्या. घाई नको," निशिकांत म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. त्याच्या आवाजात मला मुक्या जनावराची काळजी ऐकू आली. मालन चहा टाकायला आत गेली.

चव्वेचाळीस वर्षांच्या धंद्यात मी सांगितलेलं ते पहिलं खोटं माप. या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. पण ती सांगायची तर आधी माझी ऐट सांगितली पाहिजे.

मी रंगनाथ खटावकर. विट्यात राहत्या घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान आहे. पाटीवर नावाखाली मी मुद्दाम रंगवून घेतलं होतं, 'मापात पाप नाही'. बँकेचे एक साहेब एकदा पँट शिवायला आले होते. टेप कमरेला लावून मी मोठ्यानं म्हणालो, "अडतीस." साहेब कानाशी येऊन म्हणाले, "छत्तीस म्हणा हो, मंडळी बरोबर आहेत." मी पुन्हा म्हणालो, "अडतीस." साहेब रागावले आणि कापड उचलून दुसरीकडं गेले. दिवाळीच्या फराळाला खाली बसताना ती छत्तीसची पँट टरकली, तेव्हा परत आले. ही हकिकत मी गावात इतक्यांदा सांगितली होती की लोक मला बघून रस्ता बदलायचे.

अशा माणसाच्या घरी संक्रांत होऊन चार दिवस झाल्यावर निशिकांत गाडी घेऊन आला. निशिकांत माझा एकुलता एक मुलगा, पुण्यात नोकरीला. मागच्या सीटवर पिवळट रंगाचा, दांडगा लॅब्रॅडोर कुत्रा पडला होता. मागचा उजवा पाय वरपासून खालपर्यंत भादरलेला, गुडघ्याच्या आतल्या बाजूला टाक्यांची लांब खूण. हा फुटाणा. माझी नात रेवती सहा वर्षांची असताना तिनं हट्ट करून घेतलेला. पिल्लू असताना तव्यावरच्या फुटाण्यासारखा उडायचा, म्हणून नाव तिनंच ठेवलेलं. उडता उडताच एक दिवस गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं.

"हाड कापून पट्टी बसवलीय, अण्णा. स्क्रू घातलेत," निशिकांत म्हणाला. "ऑपरेशन चांगलं झालं. पण खरं काम पुढंच आहे. पळायचं नाही, उड्या नाहीत, जिना तर नाहीच. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. आम्ही दोघं नऊला घराबाहेर. तुमचं घर जमिनीवर आहे."

"शिंप्याच्या घरात कुत्रं?" मी म्हणालो. "अरे, गिऱ्हाईकाच्या काळ्या कापडावर ह्याचे केस बसले तर मी तोंड कुठं लपवू?"

"तीन महिने फक्त. फार तर चार."

"एक दिवस नाही."

निशिकांतनं खिशातून घडी केलेला कागद काढला. डॉक्टरांनी आठवड्याआठवड्याचं लिहून दिलं होतं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून तो म्हणाला, "हे बघा. दोन्ही मांड्यांच्या मापातला फरक अर्ध्या सेंटीमीटरच्या आत आला, की जिना चढायला हरकत नाही. त्या दिवशी मी न्यायला येतो. आता हे माप तुमच्याइतकं बिनचूक दुसरं कोण घेणार, सांगा?"

पोरगं कुठं टाका घालायचा ते माझ्याकडूनच शिकलं होतं. मी कागद घेतला.

निघताना गाडीची काच खाली करून तो म्हणाला, "आणि एक. रेवूसमोर ह्याचं नाव काढू नका. फोनवरसुद्धा. ती फार मनाला लावून घेते, रडून रडून ताप येतो तिला. बरा झाला की एकदम दाखवू."

"बरोबर हाय त्येचं," मालन म्हणाली. "लेकराला कशाला रडवायचं?"

पहिल्या रविवारी माप घेतलं. आम्ही शिंपी आयुष्यभर टेपच्या इंचाच्या बाजूवर जगतो. सेंटीमीटरची बाजू मी तेव्हा पहिल्यांदा धड बघितली. डावी बेचाळीस, उजवी साडेसदतीस. हाताला लागलं ते नुसतं कातडं आणि हाड. ते जनावर एवढं दांडगं, पण तो पाय टेकवायचा म्हटलं की माझ्याकडं असं बघायचं, जणू मीच मोडलाय.

मग लागलो कामाला. शहाबादी फरशीवर पाय घसरायचे, म्हणून घरभर गोणपाट अंथरली. पोटाखालून घालायला मांजरपाटाची दुहेरी झोळी शिवली, दोन्ही टोकांना धरायला पट्टे. लघवीला नेताना मी झोळीनं त्याचा मागचा भार उचलून धरायचो आणि तो तीन पायांवर हळूहळू चालायचा. गल्लीतले लोक हसायचे. "काय खटावकर, नवं गिऱ्हाईक वाटतं?" मी म्हणायचो, "हो, आणि तुमच्यापेक्षा शहाणं आहे, मापाला गप उभं राहतं."

आधी दिवसातून चार वेळा पाच-पाच मिनिटं, पट्टा आखूड धरून. मग दहा, मग पंधरा. कुत्र्याला जास्तीत जास्त हळू चालवायचं, म्हणजे तो प्रत्येक पाय टेकवतो. घाई झाली की दुखरा पाय उचलून तीनवर पळतो, आणि लंगडं जनावर हुशार असतं, फसवून चालतं. चालणं किती हळू असावं हे त्या कुत्र्यानं मला शिकवलं. आठ आठवड्यांनी सांगलीला नेऊन एक्स-रे काढला. पडद्यावर हाडात पट्टी आणि सहा स्क्रू लख्ख दिसत होते. हाड जुळलं होतं. पण डॉक्टर म्हणाले, हाड जुळायला दोन महिने लागतात आणि मांडी भरायला सहा, कधी वर्षही.

दर रविवारी निशिकांतचा फोन यायचा. साडेसदतीस, अडतीस, एक रविवार साडेसदतीस, पुन्हा अडतीस. मार्चमध्ये एकोणचाळीस. एका गिऱ्हाइकाच्या शेततळ्यात मी त्याला पोहायला न्यायला लागलो. मी स्वतः गळ्याएवढ्या पाण्यात, हातात झोळी, आणि हे बेणं चारी पाय मारत माझ्याभोवती गोल गोल. पासष्टीला मी पोहायला लागलो, तेही कुत्र्यापायी. मालननं हे सगळ्या गल्लीला सांगितलं.

कापडावर केस? बसले. मी ब्रश घेऊन झाडायचो आणि गिऱ्हाइकाला सांगायचो, "सोनं आहे ते, राहू द्या."

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी रेवतीचा फोन आला. ती शाळेतलं काहीतरी सांगत होती. तेवढ्यात दारावरून शेळ्या गेल्या आणि फुटाणा भुंकला. दोनदा, खणखणीत. मालननं धावत जाऊन त्याचं तोंड धरलं.

पलीकडं रेवतीचं शाळेचं राहूनच गेलं. मग म्हणाली, "आजोबा, कुत्रं कुणाचं?"

"शेजारच्या पाटलांचं," मी म्हणालो.

"आवाज..." ती म्हणाली आणि थांबली. "काही नाही. ठेवते." तिनं फोन ठेवला.

मला वाईट वाटलं. लेकराचा किती जीव आहे आणि आपण सांगू शकत नाही, असं वाटलं. ते खोटं मी मोजलंच नाही. बापानं सांगितलं होतं, तिच्या भल्यासाठी होतं. मेमध्ये दर वर्षी ती सुट्टीला विट्याला यायची. त्या वर्षी निशिकांतनं तिला आईच्या माहेरी, नागपूरला पाठवलं.

"मे म्हयन्यात नागपूर?" मालन म्हणाली. "माणसं तिकडनं हिकडं येत्यात उन्हाला भिऊन. आन ह्येनी लेकरू तिकडं धाडलं?"

"कुत्रं दिसू नये म्हणून," मी म्हणालो. "बरा झाल्यावर दाखवायचाय ना."

मालननं मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं. मला पटलं होतं.

जूनमध्ये चाळीस झाले. आणि मला झोप लागेना.

आता सरळच सांगतो. मला तो कुत्रा द्यायचा नव्हता. पहाटे उठून मी मशीनवर बसलो की तो पायडलशेजारी येऊन पडायचा, बरा पाय खाली, दुखरा वर. मी पायडल मारायला लागलो की त्या आवाजानं डोळे मिटायचा. कुणी माझ्यापाशी नुसतं असं बसून राहिलं नव्हतं. निशिकांत लहानपणी बसायचा, पण त्यालाही कधी जातो असं झालेलं असायचं. साडेएकेचाळीस आले त्या रविवारी मला कळलं, की मी जे खरं बोलेन त्यानं हा जाणार. आणि माझ्या तोंडातून चाळीस निघून गेले.

चार रविवार मी खोटं बोललो. चाळीस, चाळीस, साडेचाळीस, चाळीस. दर वेळी निशिकांत म्हणायचा, "राहू द्या, घाई नको." दर वेळी मला लाज वाटायची, की पोरगं बिचारं किती समजुतीनं घेतंय आणि बाप चोर.

चौथ्या रविवारी फोन ठेवल्यावर मालन उठली नाही.

"पाटी काडा आता ती," ती म्हणाली.

"कुठली?"

"मापात पापाची. काडा आन चुलीत घाला."

ती म्हणाली, "मला काय तो नकोसा झालाय व्हय? रातच्याला माज्या पायाशी झोपतुया. पर ते लेकरू तिकडं वाट बगतंय. सात म्हयने. तिचं कुत्रं हाय ते, तुमचं न्हाई. दुसऱ्याच्या कापडातलं वीतभर काडून ठेवनारा शिंपी आन तुमी, काय फरक राह्यला?"

शिंप्याला याच्यापेक्षा मोठी शिवी नाही. बायकोनं ती तोंडावर दिली आणि ती खरी होती.

पुढच्या रविवारी रेवतीचा नववा वाढदिवस होता, नागपंचमीच्या आदल्या दिवशी. दर वर्षी तिचा वाढदिवसाचा फ्रॉक मी शिवतो. सूनबाई वृषाली फोनवर माप सांगते आणि मी शिवून पाठवतो. त्या वर्षी आमसुली रंगाचा घेतला होता, गळ्याला पांढरी लेस. मी ठरवलं, फ्रॉक पाठवायचा नाही, घेऊन जायचा. आणि कुत्राही न्यायचा. निशिकांतला समोर बसवून सांगायचं, की बाबा रे, तुझ्या बापानं तुला फसवलं. मग पाया पडायला लागलं तरी चालेल. कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर माझाच धीर सुटला असता.

"तूही चल," मी मालनला म्हणालो.

"न्हाई. त्येला तिथं सोडून येताना मला बगवायचं न्हाई. तुमचं तुमी निस्तरा," ती म्हणाली. आम्ही निघालो तेव्हा ती गोणपाटं गोळा करून धुवायला न्यायला लागली होती.

भाच्याच्या गाडीतून पहाटे निघून दहाला पुण्यात पोचलो. भाचा खाली गाडीपाशी थांबला. आतापर्यंत झोपलेला फुटाणा सोसायटीच्या फाटकातच ताठ उभा राहिला. नाक वर, शेपूट फटाफट गाडीच्या दरवाज्यावर. त्याला सगळं आठवत होतं. जिन्यापाशी त्यानं पट्टा असा ओढला की माझ्या एका हातातली फ्रॉकची पिशवी पडता पडता राहिली. एक मजला, दोन मजले. मी मागून त्याचा उजवा पाय बघत होतो. टेकवत होता. दर पायरीवर, पूर्ण भार देऊन, लंगडण्याचा मागमूस नाही. मला त्याही स्थितीत अभिमान वाटला, हे काम माझ्या हातचं आहे म्हणून. तिसऱ्या मजल्यावर निशिकांतच्या दारासमोर तो जाऊन बसला आणि माझ्याकडं बघायला लागला, की म्हाताऱ्या, लवकर ये, बेल तुला वाजवायचीय.

मी बेल वाजवली. आतून "मी उघडते, मी उघडते!" असा आवाज आला आणि रेवतीनं दार उघडलं.

मला वाटलं होतं, ती किंचाळेल, त्याच्या गळ्यात पडेल. चार तास गाडीत मी तेच बघत आलो होतो. ती एक पाऊल मागं सरली. तिचं तोंड पांढरं पडलं. फुटाणा पुढं झाला आणि त्यानं आपलं डोकं तिच्या पोटात खुपसलं, तशी ती भिंतीला जाऊन टेकली, हात वर धरून, त्याला न शिवता.

"आजोबा, हा कोण आहे?" ती म्हणाली.

"अगं, कोण काय? फुटाणा! बरा झाला बघ तुझा फुटाणा."

"फुटाणा मेला," ती म्हणाली. अगदी हळू, मलाच समजावून सांगावं तसं. "ऑपरेशन करताना मेला. बाबांनी सांगितलं."

मला काही कळेना. आत दिवाणखान्यात निशिकांत खुर्चीवर चढून फुगे लावत होता. त्याच्या हातात अर्धा फुगलेला एक फुगा होता, आणि त्याचं तोंड धरायचं तो विसरला होता. फुगा फुर्र आवाज करत रिकामा झाला. स्वयंपाकघरातून हात पुसत वृषाली आली, तिनं कुत्रा बघितला आणि नवऱ्याकडं वळून म्हणाली, "मी म्हटलं होतं, निशी. मी तुला तेव्हाच म्हटलं होतं."

बाल्कनीत एका कुंडीत मोगरा होता. कुंडीवर मुलीच्या अक्षरात पांढऱ्या रंगानं लिहिलं होतं, 'फुटाणा'.

त्या कुंडीपाशीच निशिकांतनं मला नेलं आणि मागं काचेचं दार लावून घेतलं.

"अण्णा, आधी ऐकून घ्या," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले होते, एक गुडघा गेला की निम्म्या कुत्र्यांचा वर्ष-दोन वर्षांत दुसराही जातो. संधिवात तर जन्माचा. म्हणजे पुन्हा ऑपरेशन, पुन्हा वर्षभर हेच. आम्हाला शक्य नव्हतं. वृषालीची नोकरी, माझी नोकरी, हे तीन जिने. त्याला सुई देऊन झोपवायचं का, तेही विचारलं मी डॉक्टरांना. ते माझ्यानं झालं नाही."

"म्हणून माझ्याकडं आणलास."

"तुमच्याकडं बरा राहील, हे मला माहीत होतं."

"मग तसं सांगायचंस. तीन महिने कशाला म्हणालास?"

"कायमचा ठेवा म्हटलं असतं तर ठेवला असता तुम्ही?"

नसता ठेवला. दारातून हाकलला असता. हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

"आणि पोरीला?" मी म्हणालो.

"रोज दारात बसून वाट बघितली असती तिनं. म्हटलं, एकदाच रडू दे. रोज रडण्यापेक्षा एकदा."

"मग दर रविवारी मला माप कशाला विचारायचास रे?" मी विचारलं. "सात महिने मी टेप घेऊन त्याच्या मागं बसतोय. अर्धा सेंटीमीटर वाढला तर गावाला साखर वाटावीशी वाटायची. ते माप तुला कशाला हवं होतं?"

निशिकांत खाली बघत होता. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून," तो म्हणाला. "तुम्ही मनावर घेतलं होतं. आणि खरं सांगू? मला भीती वाटायची, एक दिवस तुम्ही म्हणाल, सारखं झालं, ये न्यायला. मग मी काय सांगणार होतो? तुम्ही दोन कमी म्हणालात, की आठवडाभर सुटल्यासारखं व्हायचं."

तेव्हा मला त्याचं ते 'बरं, बरं' पुन्हा ऐकू आलं. ती काळजी नव्हतीच. सुटका होती. ज्या समजूतदारपणापुढं मी चार रविवार मान खाली घातली, तो समजूतदारपणा नव्हताच.

पोटच्या पोरानं मला कापडासारखं उलटून पालटून, हवं तसं बेतलं होतं. त्याच्या थोबाडीत द्यावी म्हणून हात उचललाही असेल. पण त्याच हातात मी टेप धरत होतो.

"चार रविवार मी तुला खोटं माप दिलं," मी म्हणालो. "पाय महिन्यापूर्वीच बरा झालाय. मला द्यायचा नव्हता, म्हणून चाळीस सांगत राहिलो. तेच कबूल करायला आलो होतो."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्याला हसू आलं, आणि त्या हसण्याइतका राग मला जन्मात कशाचा आला नाही.

"म्हणजे तुम्हीसुद्धा, अण्णा?" तो म्हणाला.

मीसुद्धा. शिव्या द्यायला मला तोंडही राहिलं नव्हतं. पाणीसुद्धा न पिता निघावं म्हणून मी दार सरकवलं.

रेवती जमिनीवर बसली होती. फुटाणा तिच्या मांडीवर आडवा पसरला होता आणि ती टाक्यांच्या जागेवर, जिथं केस उलटे उगवले होते, बोट फिरवत होती. रडून झालं होतं तिचं. तिनं बापाकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं.

"तुम्हाला माहीत होतं, आजोबा?"

"नाही बाळा. देवाशपथ नाही. मला वाटत होतं, तू वाट बघतेयस."

"मग फोनवर का नाही सांगितलं कधी?"

"बाबा म्हणाला होता, नाव काढू नका, तू रडतेस."

तिचं बोट टाक्यांवर थांबलं. मग म्हणाली, "त्या दिवशी भुंकला होता. मी विचारलं होतं, कुत्रं कुणाचं. तो फुटाणाच होता ना?"

मी फुटाण्याकडं बघितलं.

"तुम्ही म्हणालात, पाटलांचं."

निशिकांतचं खोटं मोठं होतं, माझं एका शब्दाचं. पण त्या पोरीनं आवाज ओळखला होता. ओळखून मला विचारलं होतं. तेव्हा मी खरं बोललो असतो तर तिचा फुटाणा तिला चार महिने आधी जिवंत झाला असता. मी ते मोजलंच नव्हतं.

"पाय बरा झाला त्याचा?" तिनं विचारलं.

"झाला. एकदम सारखा झाला, दोन्ही—"

ती उठली. माझ्या गळ्यात सवयीनं टेप होता, पुण्याला येतानाही काढायचा राहिलेला. तिनं तो ओढून घेतला. फुटाण्याला उभं केलं. तो मापाला शहाण्यासारखा उभा राहिला. तिनं आधी टेप उलटा लावला, मग सुलटा केला, आणि दोन्ही मांड्या दोनदा मोजल्या, ओठ हलवत. मी तिला कुठं धरायचं ते सांगणार होतो, पण बोललो नाही.

"बेचाळीस," ती म्हणाली. "आणि बेचाळीस." मग तिनं टेप गुंडाळून माझ्या हातात दिला. आमसुली फ्रॉक तिनं त्या दिवशी घातला नाही.

फुटाणा माझ्याबरोबरच परत आला. तिथं कोण ठेवणार होतं? रेवती खाली गाडीपर्यंत आली, त्याला मागच्या सीटवर उचलून ठेवताना गाडीतली झोळी तिनंच धरली. दिवेलागणीला विट्यात पोचलो. मालन दारात उभी होती. तिनं मला उतरताना बघितलं, मग त्याला. आत जाऊन धुऊन घडी घातलेली गोणपाटं काढली आणि एकेक करून पुन्हा अंथरली.

डॉक्टरांचं खरं ठरलं. दुसऱ्या वर्षी फुटाण्याचा डावा गुडघाही गेला. पुन्हा ऑपरेशन, पुन्हा झोळी, पुन्हा शेततळं. त्या मेमध्ये रेवती नागपूरला गेली नाही. त्यानंतर कुठल्याच मेमध्ये गेली नाही. फुटाणा आणखी सहा वर्षं जगला, थंडीत जरा आखडून, पण चारी पायांवर. निशिकांत दिवाळीला येतो, आम्ही बोलतो, जेवतो. तो काही सांगायला लागला की मी मान हलवतो आणि नंतर दुसरीकडून खात्री करून घेतो. दुकानाची पाटी मी रंगवून घेतली. आता नुसतं नाव आहे.

रेवती यायची तेव्हा एसटीतून उतरून घरात पाऊल टाकलं, की आधी माझ्या गळ्यातला टेप काढून घ्यायची. मी म्हणायचो, "अगं, कालच मोजलंय, एक्केचाळीस आलं." ती ऐकायचीच नाही. रागानं नाही, प्रेमानंच, पण स्वतः मोजायची.

ती आता वीस वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिला पंजाबी ड्रेस शिवायचा होता. फुटाणा जाऊन चार वर्षं झालीत. ती समोर उभी राहिली, मी टेप खांद्याला लावला आणि आकडा सांगायला तोंड उघडलं.

"थांबा आजोबा," ती म्हणाली आणि मान वाकडी करून टेपकडं बघायला लागली. "मी बघते."